जाळीतून दिसलेली शेपटी

लाडक्या फ्रूमा आजी,

विल्नियसच्या एका ठसेवाल्याकडे लाकडावर चित्रं कोरून छापायला शिकत मी तीन आठवडे टिकलोय, माझ्यासाठी विक्रमच! (इथलं बीटाचं सूप इतकं गुलाबी असतं, जाऊ दे.) तुझ्या गावचं जळालेलं लाकडी सिनेगॉग, तुमचं ते प्रार्थनाघर, फळीवर कोरतोय. आतल्या छतावर रंगवलेला सिंह झोकात कोरला, तर आमचे उस्ताद मोतेलकाका म्हणाले, "हे तोंड कुठून आणलंस?"

"शेजारच्या बोक्याचं आहे."

"गाढवा! खरं तोंड पाहिलेल्यांपैकी जर्मनांनी कुणाला जिवंत ठेवलं नाही. मनचं छापायचं नाही."

छताचा एकही फोटो नाही. पाहणारी तू एकटी उरलीस, आणि तूही बायकांच्या माडीवर, लाकडी जाळीमागे. "मला नुसती शेपटी दिसायची रे," असं तूच सांगायचीस.

मग नवी फळी घेतली आणि तुझ्या बाकावरून कोरलं: पुढे जाळी, भोकांतून खाली पुरुषांच्या टोप्या, वर शेपटी.

काकांनी फळी उजेडात धरली. "मुंडकं कुठाय, असं कुणी विचारलं तर?"

"आजीला विचारा म्हणायचं."

हे पत्र मात्र टाकत नाही. तुझ्याकडे हैफाला नुसता छापलेला ठसा पाठवतोय. कुणी न सांगता तू तुझी जागा ओळखलीस, तरच तो खरा.

तुझा उनाड,
लेयझर