महिनाभर पडून राहिलेला रिपोर्ट

गुरुवार, संध्याकाळ

आज ऑफिसातल्या मृण्मयीचा हेवा वाटला. निदान या वहीत तरी खोटं नको.

सकाळी तिचा डीबगर, प्रोग्राममधल्या चुका शोधायचं सॉफ्टवेअर, अडकला. तिने तो जबरदस्तीने बंद केला आणि कॉम्प्युटरचं अख्खं मशीनच कोसळलं, बंद पडलं. तिने तिथल्या तिथे या बिघाडाचा रिपोर्ट लिहिला. दुपारी आमचा मॅनेजर मंजुनाथ सगळ्यांसमोर म्हणाला, "सूपर, मृण्मयी! इतके दिवस हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

माझ्या आलं होतं. माझंही मशीन महिन्यापूर्वी असंच दोनदा कोसळलं. रिपोर्ट अर्धवट लिहून ठेवलाय. पहिलंच वाक्य, 'कदाचित माझीच चूक असेल.' डीबगर असा मारायचा नसतो, रीतसर बंद करायचा असतो, हे नव्या मुलांना मीच तर शिकवते. मग मीच मारला, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

चहाच्या वेळी तिला विचारलं, "जबरदस्तीने बंद केला, हे लिहायला लाज नाही वाटली?"

ती हसली. "अगं ताई, मारला मी डीबगर. मशीनने का मरायचं?"

इतकं साधं. मला का नाही सुचलं? वीस वर्षं काय केलं मी इथे?

घरी येऊन तिच्या रिपोर्टखाली लिहिलं, 'माझ्याकडेही असंच झालं, महिन्यापूर्वी. डीबगर मीही जबरदस्तीनेच बंद केला होता.' पुढे 'कदाचित माझीच चूक असेल' हेही सवयीने टाइप झालं. ते खोडलं.

'महिन्यापूर्वी' मात्र ठेवलं. मंजुनाथने वाचावं म्हणून.