निळ्या बॅगेचं वजन

१ मे २००९

आलो एकदाचे अल मजाजला! अल कुसैसचा कंपनीचा फ्लॅट सोडताना मी रडेन म्हणून सुजीत रुमाल घेऊन तयार होता. त्याची फजिती झाली, मी हसत बाहेर पडले. इथे खिडकीतून लगूनचं पाणी दिसतं. मंदीत भाडी उतरली म्हणून हे सुख, तेही आखातातले शेवटचे दोनच महिने. जूनअखेर सुजीतची नोकरी खलास, मग पुणे.

त्याआधी झांबियाची सफारी. आमच्या लेकीला, सान्वीला हत्ती बघायचे होते. तिला जाऊन सात महिने झाले. नेहमीच्या पार्कांत लोक पोरंबाळं घेऊन येतात, ते आम्हाला बघवणार नाही. म्हणून सुजीतने नदीकाठचा अगदी आडवाटेचा कॅम्प शोधलाय.

५ मे

आमच्या ट्रॅव्हल एजंटचा, खतीजाचा फोन आला. कॅम्पवर छोटं विमान जातं, त्यामुळे बॅग कापडी हवी, बिनचाकांची, पंधरा किलोंच्या आत. शिवाय आमची स्वतःची वजनंही दर आठवड्याला कळवायची. "भाभी, सच बोलना हाँ," म्हणाली. साठ. खरं सांगितलं!

खोक्यातून निळी बॅग काढली. सान्वी जन्मल्यावर तिला हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हाची.

१२ मे

बॅग जड लागली म्हणून एकेक वस्तू काढत गेले. रिकामी बॅग तीन किलो भरली. सुजीत म्हणाला काटा बिघडलाय, पण पाण्याच्या बाटल्या ठेवून पाहिल्या तर काटा बरोबर. मी सत्तावन्न.

सान्वी जन्मली तेव्हा तीन किलोचीच होती. हे सुजीतला बोलले नाही.

१९ मे

रिकामी बॅग दहा. मी पन्नास. बेरीज साठच. खतीजाला वाटतंय मी डाएट करतेय.

सुजीतने बॅग खाली कचऱ्यात टाकली. मी जाऊन परत आणली. लिफ्टच्या आरशात पाहिलं तेव्हा कळलं, मी ती कडेवर घेतली होती.

२६ मे

चौदा. बॅग हाताला कोमट लागते. माझ्या रिपोर्टांत काही निघालं नाही. सुजीत रडतो, म्हणतो ट्रिप नको, काही नको, तू तेवढी राहा. मला भीती वाटते. खूप वाटते. पण ती खाली ठेववत नाही.

२९ मे

अठरा. सान्वी गेली तेव्हा अठरा किलोचीच होती. म्हणजे आता थांबेल. थांबायलाच हवं—

मी बेचाळीस.

३१ मे

उठवत नाही. सुजीत डॉक्टरांना आणायला गेलाय. भिंत धरून काट्यापर्यंत गेले.

एकोणीस.

एकोणीस किलोची ती कधी झालीच नव्हती. वाढतेय माझी पोर. वाढू दे तिला. सुजीत, रागावू नकोस— खतीजाला फोन कर, सांग, माझ्या सीटवर सान्वीचं नाव—