गाडी मधे कुठे थांबते?

शनिवार, संध्याकाळ

अमरकंटकची गाडी ठरली एकदाची. आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या ट्रॅव्हल्सवाल्याची मोठी ट्रॅव्हलर गाडी, दोन्ही नणंदांची मंडळी आणि आम्ही. सगळे खूश. फक्त माझे सासरे, बाबा, एकच धरून बसले होते, "तुम्ही जा. मी घर सांभाळतो." काहून? कुठेही जायचं म्हटलं की आधी यांचीच बॅग भरलेली असायची.

आणि यायचंच नाही तर सकाळपासून सारखं का विचारून राहिले होते, "गाडी मधे कुठे थांबते का?"

दुपारी कपडे वाळत घालताना डोक्यात उजेड पडला. हल्ली त्यांना घडीघडी बाथरूमला जावं लागतं. ते पोरींसमोर बोलणार? जन्मात नाही. आणि मी सून, मी तरी हा विषय कसा काढू?

मग चहाच्या वेळी सगळ्यांसमोरच ड्रायव्हरला फोन लावला, मुद्दाम मोठ्याने. "भैया, मुझे गाडी में बहुत उल्टी होती है. घंटे-घंटे में रोकना पडेगा." नणंदा हसत सुटल्या. नवरा म्हणाला, "तुला कधीपासून गाडी लागून राहिली?" मी कपात चहा ओतत राहिले.

आत्ता बाबा खोलीच्या दाराशी येऊन गेले. हातात दोन लिंबं. "जवळ ठेव. मी पण येतो, तुझ्याकडे लक्ष द्यायला कोणी पाहिजे ना." जाता जाता वळून हळूच म्हणाले, "गाडी लागते, त्यात लाजायचं काय, बेटा?"