परतीचं भाडं

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून कागदावर बोलते. जिवंतपणी तुम्ही बोलू दिलं नसतंत.

परवा तुमची नात स्वयंपाकघरात उभी राहून शाळेतलं भाषण पाठ करत होती. इथे त्याला रेफराट म्हणतात. ती जर्मनमध्ये बोलतेय, मी कणीक मळतेय. इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या काळच्या गरिबांची हकीकत. कुणी जमीनदाराच्या रानातला ससा मारला, कुणी मेंढी चोरली, कुणी मजुरीच्या भांडणात गवताची गंजी पेटवली. सरकारने त्यांना जहाजात कोंबून पार ऑस्ट्रेलियात नेऊन टाकलं. कुणाला सात वर्षं, कुणाला जन्मभर. मी म्हटलं, सात वर्षं झाली की आणून सोडत असतील. "नाइन, मामा," ती म्हणाली, म्हणजे 'नाही, आई'; इथे आईला मामा म्हणतात. शिक्षा संपली की मोकळे, पण परतीचं भाडं ज्याचं त्याने बघायचं. माझे हात कणकेतच राहिले.

माझा गुन्हा आठवतो ना? सहावीतून शाळा सोडवलीत, पुढे यथावकाश बघायला पाहुणे आले. मी पोह्यांच्या बशा घेऊन दारात उभी. मुलाच्या मामाने चहा गार आहे म्हणून तुम्हाला परत पाठवलं. तुम्ही गरम करून आणलात, तर म्हणे आता गोड कमी. आणि तुम्ही, गावाला दरडावणारे, मान खाली घालून पुन्हा चुलीपाशी आलात. मी बाहेर गेले. मामा हसत म्हणाला, "पोरगी बोलते का?" मी म्हटलं, "बोलते. मला हा मुलगा नको."

तुमच्यासाठी बोलले होते, आबा. तुम्ही विचारलंच नाहीत. पाहुणे उठून गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "हिला इतक्या लांब देईन, की हिचा आवाज इथवर यायचा नाही." आणि दिलंत. हे पहिली बायको वारलेले, वयाने माझ्याहून कितीतरी मोठे, जर्मनीत ब्राउनश्वाइगला नोकरी. माणूस चांगला निघाला, त्यात तुमची करामत काही नाही. तुम्ही फक्त अंतर बघितलं होतंत.

पहिल्या दिवाळीला लेक-जावयाला बोलवायचं असतं. आपल्या आळीत उसनवारी करूनही दिवाळसण करायचे लोक. मी बॅग भरून ठेवली होती. ह्यांनी रजाही टाकली होती. गावातल्या बूथवरून तुमचा फोन आला, "एवढ्या लांबून कशाला येता?" लांब कुणी दिलं होतं? पुढे मीही विचारायचं सोडलं. इथे एका कचेरीच्या कँटीनमध्ये भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, आता हाताखालच्या पोरींवर ओरडते. माझा आवाज इथे सगळ्यांना ऐकू येतो. तुम्ही गेलात तेव्हाही मला चार दिवसांनी कळवलं.

भाषण संपल्यावर मी लेकीला विचारलं, मग कुणी परत गेलंच नाही का? "थोडे गेले," ती म्हणाली. "बाकीच्यांचं घरदार तिथेच झालं होतं. आणि गावात त्यांना ओळखणारं कोण उरलं असेल, मामा?" असं म्हणून पोळी घेऊन गेली.

गेल्या रविवारी वहिनीचा फोन आला. "वन्सं, तुमचा दिवाळसण राहिलाय. आबांनी केला नाही, आम्ही करतो. दाजींना म्हातारपणी जावई व्हायची हौस असेल तर घेऊन या." मी हसले. कँटीनमध्ये रजा देत नाहीत म्हणून सांगितलं.

हे सगळं लिहून झालं, आता ते पिठाच्या डब्याखाली जाईल. रजा आहे, आबा. भाडंही आहे.