बासष्ट फॉर्म

७ जुलै
आणि वर मलाच म्हणे, "तुम्ही फक्त आकडे वाचा. मत देऊ नका." लग्नाला सहा वर्षं झाली, हे वाक्य पहिल्या वर्षापासून ऐकतोय. अभ्यास केळीवाल्यांचा आणि केळीवाल्याने मत द्यायचं नाही! पीएचडी अश्विनीची आहे, कबूल. ग्रंथालय आणि माहितीशास्त्र. विषय: रावेर-यावल पट्ट्यातले केळी उत्पादक माहिती कुठून मिळवतात. मी एवढंच म्हटलं, की चौदाव्या प्रश्नात वाचनालय आहे, पेपर आहे, रेडिओ आहे, कृषी सहायक आहे, मग घड कापणारी टोळी कुठाय? टोळी रोज नव्या बागेत जाते. करपा रोग कुठे आलाय, कोणाचं रोप फसवं निघालं, सगळं आधी टोळीला कळतं. मी पाच वर्षं टोळीत काढली. तर म्हणे, "गाइड सर म्हणतात टोळी हा स्रोत धरत नाहीत."
नका धरू. नुकसान तुमचं.

८ जुलै
रावेरची गाडी आली. लुधियानात येईपर्यंत तीन दिवस. माल हिरवा उतरतो, आमच्या केळी पिकवायच्या चेंबरमधून चौथ्या दिवशी पिवळा होऊन बाहेर पडतो. मालक जवळ जाऊन फणी दाबून बघतो. मी दारातून सांगतो, अजून एक दिवस. आजपर्यंत चुकलो नाही.
दुपारी जेवणानंतर तासभर अ.चं काम. ती धुळ्याला कॉलेजच्या लायब्ररीत कंत्राटी. तिथून फॉर्मचे फोटो पाठवते, मी टिक कुठे आहे ते फोनवर वाचतो, ती कॉम्प्युटरमधल्या आकड्याशी ताडून बघते. एकूण दोनशे चाळीस फॉर्म. ३१ ऑगस्टला प्रबंध जमा. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली. जमा झाला तर कायमच्या नोकरीला अर्ज करता येईल.
नववी नापास माणसाची बायको डॉक्टर. गावात कसं सांगायचं ते ठरवून ठेवलंय.

१० जुलै
आजपासून माझे फॉर्म लागले. माझे म्हणजे मी मिळवून दिलेले. जानेवारीत ती खेडोपाडी फिरून दमली होती. मी इथून पंक्याला फोन लावला. पंक्या माझा शाळेतला जोडीदार, आमच्या गावात कृषी केंद्र चालवतो, खतं-औषधं. म्हटलं, दुकानात गिऱ्हाईक येतंच, भरून घे एकेकाकडून. बासष्टच्या बासष्ट परत. एक रकाना कोरा नाही! तिने स्वतः आणलेल्यांत निम्मे प्रश्न कोरे. सर खूश झाले. 'शेतकऱ्यांचा सर्वाधिक विश्वास कृषी केंद्र चालकावर', चौथ्या प्रकरणाचा निष्कर्षच तो. त्यावर तिने धुळ्याला परिसंवादात निबंधही वाचला. प्रमाणपत्राचा फोटो माझ्या मोबाइलवर आहे. मालकालाही दाखवला.

१२ जुलै
फॉर्म क्र. १४३. नाव आबांचं. माझ्या वडलांचं.
प्र. १४, सर्वात जास्त विश्वास कोणावर. टिक: कृषी केंद्र चालक.
आबा तीन वर्षं पंक्याच्या दुकानाची पायरी चढलेले नाहीत. त्याने दिलेल्या औषधाने आमची पानं जळली तेव्हापासून. भाडं पडलं तरी खत रावेरहून आणतात.
अ. पलीकडून, "पुढचा वाचा." ती नंबर बघते, नाव बघत नाही, तसा नियम आहे म्हणे. पुढचा वाचला. तीच टिक. त्याच्या पुढचा, तीच. आमच्या गावातले डोंगर नाना व्हॉट्सॲपवरून माहिती घेतात असं लिहिलंय. नानांकडे फोनच नाही.
तिला म्हटलं गाडी आली, जातो.
गाडी आली नव्हती.

१३ जुलै
आबांना फोन. "मी? फारम? कोनतं फारम रे?" मग आवाज चढला, "त्या पंक्याच्या दुकानात मी कायले जाऊ?" ठेवता ठेवता, "सूनबाईले सांग, एवढं गावभर इचारलं, मलेच इचारलं नाही तिनं." दुखावलेत.
लगेच पंक्याला. लपवलंसुद्धा नाही. "वहिनीले घाई होती नं भाऊ. पंधरा दिवस फारम काउंटरवर पडेल होते. लोकं म्हने, अनुदान भेटीन का? नाही म्हटलं का ठेवून दे. मंग मीच बसलो, चार पेनं घेऊन."
"आबाचा पण?"
"आबाचा तं खास भरला. म्हटलं, म्हाताऱ्यानं कागदावर तरी माझ्यावर भरोसा ठेवावा."
मला हसू आलं. तेच वाईट.

१५ जुलै
मार्ग सापडला. बासष्टही माणसं माझ्या ओळखीची. रोज सहा-सात फोन, नवे फॉर्म मीच भरतो, खरे. दहा दिवसांचं काम. तिला कळायचंही कारण नाही.
डोंगर नानांना पुतण्याच्या फोनवर गाठलं. "तूच लिव रे. तुह्या बायकोचं नुकसान हुईन असं मी काय सांगू?"
दुसरा, "कोनतं लिवलं म्हंजे पास होते ती? तेच लिव."
तिसऱ्याने तर कमाल केली. "वाचनालय लिव. ती वाचनालयातच आहे नं?" गावात वाचनालय नाही.
चौथा फोन लावला नाही. उद्या बघू.

१७ जुलै
सांगून टाकलं. चेंबरच्या मागे उभं राहून, एका दमात.  तिला राग आल्यावर येते ती धुळ्याची बोली आली, "बठ्ठा एकनाच हातना शेतस?"
हो म्हटलं, सगळे पंक्याच्याच हातचे.
"आनि तुम्ही पाच दिन गप?"
मी म्हटलं, जाऊ दे, तसेच ठेव. पंक्याने खोटं भरलं असेल, पण गोष्ट खोटी नाही. निम्मे लोक त्यालाच विचारतात.
"निम्मे म्हणजे किती?"
"निम्मे म्हणजे... बरेच."
"तेच मोजायला निघाले होते मी."
फोन बंद. परत लावला, उचलला नाही.

१९ जुलै
सरांना तिने सगळं सांगितलं. सर म्हणाले, "एवढं कोण तपासतंय? मुदत बघा, राहू द्या." हे सांगताना तिचा आवाज सपाट. मी म्हटलं, बघ, सरही माझ्याच मताचे.
म्हणायला नको होतं.

२१ जुलै
बासष्ट फॉर्म बाजूला काढून तिने पुन्हा मोजलं. कृषी केंद्र पहिल्या नंबरावरून चौथ्यावर. आणि पहिला धड कोणीच नाही, शेजारी, पाहुणे, व्यापारी सगळे दोन-दोन चार-चारच्या फरकाने. म्हणजे चौथं प्रकरण नव्याने. परिसंवादवाल्यांना पत्र लिहिलं, निबंध मागे घेते म्हणून. सहीनिशी. मी विचारलं, मग त्या प्रमाणपत्राचं काय? "ते तुमच्या मोबाइलवर आहे ना, तुम्ही बघा."
टोमणा होता, पण बोलली तरी.
आता नवे बासष्ट. वाटायचे नाहीत. समोर बसून, स्वतः विचारून, स्वतः लिहायचं. मुदतवाढीचा अर्ज दिलाय. तिसऱ्यांदा देतातच असं नाही. सरांनी सही केली, मान वर न करता.

२२ जुलै
मालकाकडून बारा दिवस सुट्टी काढली. मालक म्हणे, "पढ़ाई तेरी बीवी की है या तेरी?" दोनों की, म्हटलं. भुसावळचं पक्कं तिकीटही मिळालं, २७ चं. नशीब बरं आहे.
बेत पक्का. आबांची मोटरसायकल, मागे ती, बांधाबांधावर जायचं. रोजचे सात-आठ धरले तरी होतात. अडचण काय? रावेरपासून फैजपूरपर्यंत पोर न् पोर मला ओळखतं. मी बरोबर असल्यावर कोण बोलणार नाही तिच्याशी?

२४ जुलै
"येऊ नका."
मला वाटलं खर्चाचं म्हणते. खर्चाचं नव्हतं. "तुम्ही शेजारी उभे राहिलात की लोक मला उत्तर देणार नाहीत. तुम्हाला देतील."
त्या तीन फोनांचं मी तिला सांगितलेलं नाही. तरी.
फैजपूरला मैत्रिणीकडे राहणार. त्या बाजूच्या गावांत जाणार, जिथे माहेरचं नाही, सासरचं नाही, कोणाची सून म्हणून कोणी चहा ठेवणार नाही. मी म्हटलं, मग आबांना तरी घे बरोबर. "आबांचं तर आधी नको. ते माझ्या वतीने भांडतील."
मी चिडलो. फी कोणी भरली, इतक्या लांब कोणासाठी राहतो, जे बोलायचं नाही ते सगळं बोललो. ती म्हणाली, "भरलीत. नाही कुठे म्हणतेय?"
 

२५ जुलै
दोन नंबरच्या चेंबरचं तापमान बघायचं विसरलो. दोन अंश चढलं. मालक सगळ्यांसमोर बोलला. माल वाचला, पण माझ्याकडून असं होत नाही.
दिवसभर डोक्यात तेच. डोंगर नानांनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय. नाना माझ्याशी कधी खोटं बोलले नाहीत. फॉर्मचं विचारलं तेव्हा मात्र...
तिकीट रद्द केलं.

२८ जुलै
तिचा पहिला दिवस. चार झाले.
एकाने बांधावरूनच हाकललं, "सरकारी असशीन तं पुढं जाय बाई." तिने ओळखपत्र दाखवलं, पीएचडी म्हणजे काय ते सांगितलं, शेवटी तो म्हणे, "मंग बस. पन खरं सांगीन, चालीन का?" चालेल म्हणाली.
दुसरा दोन तास बोलला आणि चौदाव्या प्रश्नाला म्हणाला, "मी कोनाले इचारत नाही. शेजारचा काय करतो ते पाहतो अन् त्याच्या उलटं करतो." अ. मला विचारते, याची टिक कुठे करू?
"मत द्यायचं नाही ना मी?"
"आता द्या."
म्हटलं, नवा रकाना काढ. असे अजून निघतील, आमचा पट्टा आहे तो.
खूप हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. मग म्हणाली, परतीची बस चुकली, चार किलोमीटर चालत आले, चप्पल चिखलात गेली. तक्रार नव्हती, सांगत होती.

३० जुलै
विद्यापीठाचं पत्र नाही. नऊ फॉर्म झाले. त्रेपन्न बाकी. काल एकच मिळाला, निम्मा दिवस बसची वाट बघण्यात गेला. कालच्यासारखंच चाललं तर सप्टेंबर उजाडेल. रिक्षा लावली तर पंधरा ऑगस्टच्या आत होतात, मग चौथ्या प्रकरणाला दोन आठवडे. मुदतवाढ नाही मिळाली तरी गाठू शकते. गाठेलच ती. मी तिला ओळखतो.
रिक्षा लाव म्हटलं. नको म्हणाली. मी म्हटलं हे मत नाही, हे सांगतोय.
फैजपूर स्टँडवर माझ्याबरोबर टोळीत असलेला एक जण रिक्षा चालवतो. नंबरही आहे. फोनमध्ये तो काढलाही होता. दिला नाही. म्हटलं, स्टँडवरचा कोणताही बघ, अनोळखी असला तरी चालेल.
"अनोळखीच बघणार आहे," ती म्हणाली.
तिकिटाचे जे परत आले ते, आणि सुट्टी न घेतल्याने मिळणारा पगार मालकाकडून आगाऊ घेऊन, आज दुपारी तिला रिक्षासाठी पाठवले. दहा हजार पाचशे.