लग्नाची अट

तुआन साहेब, पेराक नदीच्या घाटावरून सलाम.

शिपायांना आता लग्नाची मुभा आहे, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, जुसोहनं, परत पोलिसात यावं, असं तुम्ही लिहिलंत. अकरा वर्षांपूर्वी ह्यांनी लग्नाची परवानगी मागितली, तेव्हा "अजून दोन वर्षं थांब," म्हणाला होतात. माझे वडील थांबणार नव्हते, म्हणून ह्यांनी वर्दी उतरवली आणि नाव चालवायला घेतली.

खरं सांगते, पुन्हा ह्यांच्या नशिबी बदल्या नि बराकी येतील या भीतीनं तुमचं पत्र मी चार दिवस लपवलं. काल दाखवलं, तर हे पोट धरून हसले.

"तिमाह, तिथं घरी जेवायला जायलाही परवानगी लागायची. इथं तू घाटावर येऊन ओरडतेस!"

"मग काय कळवू?"

"काही नको. साहेब नदी ओलांडायला येतील, तेव्हा मीच सांगेन. तोवर भात वाढ."

म्हणून हे पत्र पाठवत नाही.

जुसोहची बायको,
तिमाह