दादाची होडी: एक काठी, दोन शिडं

दांडिया बाजार, बडोदे
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. दीप्तीस,
हेरंबचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडे तुझा राग सुखरूप असेल. धवलरावांना नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

बातमी अशी की दादाची होडी झाली. हो, तीच रिमोटवर चालणारी. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून तो बांधत होता आणि पद्मावहिनी तिला सवत म्हणायच्या. सांगाडा तयार होता, शिडं राहिली होती. साधी शिडं त्याला थोडीच चालणार! एकच डोलकाठी, तिला आडवा एकच दांडा, दांड्यावर पुढे लहान शीड, मागे मोठं, आणि वारा येईल तशी काठीसकट सगळी वरात फिरायची. काठी मी मासे धरायच्या गळाच्या दांडीची केली. ती ज्यात फिरते ती पितळी नळी छाणी गावात कातून घेतली. लेथवाला कुशल म्हणाला, "काका, आ शुं छे? पंखो?" म्हटलं, "श्राद्ध छे." त्याने नळी कातायला घेतली.

दादाच्या वहीत या शिडांचं चित्र आहे. लहान शिडावर पेन्सिलीने 'दीप्ती', मोठ्यावर 'मी'. दोघांना घेऊन फिरणाऱ्या काठीला नाव नाही. मी वही दोनदा तपासली.

होडी माझ्या टेबलावर असते. रोज सकाळी दांडा माझ्या खुर्चीकडे वळलेला. फरशी उतरती असेल म्हणून खाली पुठ्ठा घातला. मागची बाजू जड असेल म्हणून पुढच्या टोकाला शिसं लावलं. शेवटी खुर्चीच हलवली. दुसऱ्या दिवशी दांडा खुर्चीच्या नव्या जागेकडे. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हवा असते." खिडकी बंद होती. पंखाही.

ते असो.

दहाव्याचं आठवतं? पिंडाला कावळा शिवेना. वहिनींनी लेकीच्या, मितालीच्या लग्नाचा शब्द दिला, भटजींनी गोदान सुचवलं; कावळा भिंतीवर बसून आमची गंमत बघत होता. मग मी ओरडलो, "दादा, तुझी होडी मी पुरी करतो!" आणि तो आला. सगळे रडले. तू मागून पुढे येऊन विचारलंस, "माझ्याबद्दल काही बोलला का रे?" मी म्हणालो, "शुद्धच नव्हती गं."

शुद्ध होती. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने माझं मनगट धरलं. "दीपूला फोन लाव." मी म्हणालो, "उद्या लावतो, आज दम लागतोय तुला." लागत नव्हता. तू त्याने आणलेलं स्थळ मोडून धवलरावांशी लग्न केलंस तेव्हापासून अकरा वर्षं तुझे निरोप त्याला मऊ करून आणि त्याचे तुला गाळून मी पोचवले. आता दोन मिनिटांत तुम्ही दोघं गोड होणार आणि मी बाजूला बसून ऐकणार, हे मला सोसेना. फक्त एक दिवस थांबवायचं होतं तुम्हाला. संध्याकाळी त्याच्या घशात नळी घातली. त्यानंतर तो नुसता माझ्याकडे बघायचा.

कावळ्यापुढे काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी होडी बोललो.

काल ती छाणीपलीकडच्या तळ्यात सोडली. सुरेख गेली. मध्यावर रिमोटने शिडांची दोरी ढिली केली तशी दोन्ही शिडं वाऱ्यात सरळ झाली आणि होडी जागच्या जागी थांबली. मिताली म्हणाली, "काका, बाबा असते तर नाचले असते!" घरी येऊन मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तू "हॅलो" म्हटलं असतंस की मी पुन्हा हवापाण्याचंच बोललो असतो.

त्याला तुला माफ करायचं होतं की तुझी माफी मागायची होती, मला माहीत नाही. ते कळायची एकच वाट होती, ती मी बंद केली. वहिनींना अजून सांगितलेलं नाही. तुला आधी. उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होतो, पण आज खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

तुझी एक दुपार चोरून बसलेला,
हेरंब